आडनावातलं गाव

अब्बासिया, कुवेत

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार.

इथे सगळे बरे आहोत. मला बीपीची गोळी लागलीय, पण अर्धीच. आईचा गुडघा कसा आहे?

आमचे अमेरिकन साहेब स्वतःच्या खापरपणजोबांचं गाव वीस वर्षं शोधताहेत. ते पणजोबा १८५४ साली जर्मनीहून बोटीने अमेरिकेत गेले. बोटीच्या यादीत गावाच्या जागी नुसतं ‘जर्मनी’ लिहिलंय. आडिवरेकर म्हणजे आडिवऱ्याचे, हे मी सांगितल्यावर म्हणाले, “नशीबवान आहेस!”

दहावीच्या फॉर्मवर हे लांबलचक आडनाव बदला म्हणून मी रडलो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत, फार बरं केलंत.

परवा तुमचा नातू विचारत होता, “बाबा, आडिवरे रिअल आहे?” मे महिन्यात त्याला घेऊन येतोय. गाव तुम्हीच दाखवा.

घरच्या पत्राखाली आडनाव कोण लिहितं? आज लिहितो.

तुमचा,
शैलेश आडिवरेकर