पेन्शनीत न घातलेले नाव

मी, मच्छिंद्र हौसराव शितोळे, वय ६७, निवृत्त टर्नर, राहणार शिरूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो, पण डोके जागेवर आहे.

१. शिरूरचे घर पत्नी झुंबरबाई हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. वरच्या खोलीत रांजणगावच्या कंपनीतली पोरे राहतात, त्यांचे पाच हजार भाडे तिचेच. चिरंजीव रविराजला दौंडला फ्लॅट घ्यायचा आहे. त्यासाठी त्याने ती हयात असेपर्यंत हे घर विकायचे नाव काढू नये. मी शिफ्टला असताना या घराच्या नव्या भिंतींवर पाणी तिने मारले आहे, त्याने नाही.

२. माझा मायक्रोमीटर सुभान शेख याला द्यावा. तो माझ्या हाताखाली तयार झाला. त्याला साक्षीदार केले नाही, कारण त्याला वस्तू मिळते आहे. शिवाय पुढच्या कलमात तो बरोबर ठरतो.

३. पेन्शन. ही कोणालाच देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २०१६ साली रिटायर होताना मी हिशेब मांडला, की घर चालायला महिना अठरा हजार लागतील. फंड, ग्रॅच्युइटी मिळून हातात सत्तावीस लाख, ते परत न मिळण्याच्या अटीवर सगळे पेन्शनीत घातले. विमा कंपनीच्या फॉर्मवर दोन पर्याय होते. माझ्यामागे बायकोला चालू ठेवायची तर पावणेसोळा हजार, फक्त माझ्या हयातीपर्यंत घेतली तर बरोबर अठरा. सुभान शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, मामींचं नाव घाला की. दोन हजारानं काय व्हतंय?"

मी खेकसलो, "ती माज्या आदी जाणार हाय. दर वटपौर्णिमेला त्येच मागती."

मागायचीच. "म्या कुंकवानंच जाणार" हे चाळीस वर्षे ऐकत आलो. सुताचाही फरक चालू न देणारा मी, ते मागणे हिशेबात धरून बसलो. तेव्हा तिला दमा होता. आता तिचा दमा गेला आणि माझ्या किडन्या गेल्या. मी गेलो की अठरा हजार बंद. फॉर्म बदलता येतो का विचारायला तीनदा पुण्याला गेलो, येत नाही. मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही. तिला यातले काही ठाऊक नाही, याची मला लाज वाटते.

४. काल वटपौर्णिमा झाली. वडाला फेऱ्या घालून ती घरी आली आणि म्हणाली, "औंदा मागणं बदललं म्या. म्या आदी गेले तर तुमाला डायलिसिसला कोण न्हेणार? मागं ऱ्हाते म्हनलं."

म्हणून हे आज लिहिले. कलम तीन रविराजने तिला वाचून दाखवू नये, मीच सांगेन. सकाळपासून दोनदा सांगायला तोंड उघडले. दोन्ही वेळा तिने त्यात गोळी घातली.

लिहून देणार : मच्छिंद्र हौसराव शितोळे (सही)

आमच्यासमोर सही केली :
सत्यजीत गव्हाणे, शेजारी (सही)
बिलाल इनामदार, डायलिसिसला बाजूच्या खाटेवर असतो (सही)

शिरूर, ११ जून २०२५