सोमारीचे डोहाळे

केंदूर

प्रिय सुवर्णा,

जावईबापूंची कंबर आता कशी आहे? विहीणबाईंच्या ऑपरेशनच्या डोळ्याची पट्टी सुटली का? ऋतिकाचा खोकला गेला नसेल तर अडुळशाचा काढा दे. तुझी प्रकृती मात्र विचारत नाही. तुझ्यावर माझं डोकं फिरलंय. फोन तू मधेच तोडतेस, म्हणून लिहितोय.

तू माहेरी आली होतीस, मी शिरूरच्या बाजाराला गेलो आन् मागं तू हा उद्योग केलास. आपल्या रानात राबणारी, मागच्या खोलीत राहणारी सोमारी आपल्या पाट्यावर तांबड्या मुंग्यांची चटणी वाटत होती. तू ओकाऱ्या काढल्यास, आणि तुझ्या त्या शहाण्या भावानं, गोकुळनं, तिच्या नवऱ्याची, बुधरामची, वळकटी अंगणात फेकली. मी आलो तर खोलीला कुलूप.

अगं, तिला सातवा चालू आहे. मुंगी आंबट असते. तुला चिंच लागायची, तिला मुंगी लागते. तिच्या भावानं बस्तरहून पानात बांधून आणल्या होत्या. ऋतिकाच्या वेळी तू चुलीची माती खरवडून खायचीस. तुझी आई म्हणायची, खाऊ द्या, डोहाळे आहेत. तुला कुणी घराबाहेर काढलं का?

त्यांच्या रानात झाडाझाडाला मुंग्यांची घरटी, पोरं तेच खाऊन वाढतात. आपण भाजीपाल्याची माणसं. आपल्याला किडा म्हणजे फ्लॉवर कुरतडणारा वैरी, दिसला की पंप पाठीला. वैऱ्याला कोण ताटात घेईल? आणि आपला किडा खाल्ला तर माणूस मरेल, एवढं औषध आपण मारतो. फरक एवढाच. त्यात सोवळं कुठून आलं? जवळा तू मिशांसकट खातेस, खेकड्याच्या नांग्या चोखतेस. मुंगी नको तर खाऊ नकोस, बाई. पण खोली माझी होती आणि पाटा तुझ्या आईचा. ती असती तर तिनं तो स्वतः धुऊन सोमारीला दिला असता.

दोघं देवळात बसलेली सापडली. मी हातापाया पडलो, पण सोमारी ऐकेना. बाळंतपण माहेरीच करणार म्हणते. एवढा लांबचा प्रवास, त्यात अवघडलेली बाई. पहाटे तुमच्या दौंडहून गाडी आहे, आणि तुझं घर तिथं असताना फलाटावर मी तिला रात्र काढू देणार नाही. म्हणून हे पत्र टपालात न टाकता बुधरामच्या हाती दिलंय. ओळखीचं घर आहे, एवढंच त्यांना सांगितलंय. तू हे वाचत असशील तेव्हा ती दोघं तुझ्या दारात उभी असतील, आणि सोमारीनं तुला ओळखलं असेल. ती मागं फिरायच्या आत तिचा हात धर. आत घे, पाणी दे, कॉटवर निजव. मग परत खोलीवर चल म्हणून तूच तिला विनव. माझं ती ऐकत नाही, कारण तिला घालवलंस ते तू. काय झालं ते दोन ओळींत का होईना, पण लगेच लिहून पाठव.

तुझाच,
आबा