न धुतलेला स्वेटर

शुक्रवार, सकाळी
डोंगराच्या पायथ्याशी, तंबूतून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून जीपवाल्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. इकडे सर्व ठीक, असं लिहायची हाताला सवय. पण ठीक काहीच नाही. तुझा नवरा रविवारी ढब्बूला घेऊन डोंगरावर गेला. मंगळवारी ढब्बू एकटाच घरी आला, शेपूट पायात घालून लंगडत, चिखलाने माखलेला.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. जिवाला घोर लागला की मी धुणं काढते. तू निघून गेलीस त्या दिवशी पडदेसुद्धा धुतले होते. आताही त्याचे सगळे कपडे, चादर, अभ्रा, टोपी, सगळं धुऊन टाकलं. आल्यावर स्वच्छ मिळावं म्हणून गं! ढब्बूलाही साबण लावून आंघोळ घातली.

बुधवारी शोधपथक आलं, दोन कुत्री घेऊन. त्यांचा मास्तर म्हणाला, "मावशी, त्याचा अंगावरचा, न धुतलेला एखादा कपडा द्या." घरात तशी चिंधीसुद्धा नव्हती. तरी शर्ट दिला. कुत्र्यांनी हुंगला, गोल फिरली आणि शेपटी हलवत माझ्यासमोरच येऊन बसली. साबणाचा आणि माझ्या हाताचा वास, दुसरं काय येणार!

तरी ढब्बूला पुढे घालून चढलो. मीही गेले, मला कोण अडवणार? वाट कसली, उभा कडाच तो. दगड पायाखालून निसटतात, रांगत जावं लागतं. कुत्री सरसर वर जातात आणि वळून बघतात, ही म्हातारी कुठे राहिली म्हणून. खिंडीपाशी धोंडेच धोंडे आहेत, तिथून वाटा फुटतात. लंगडून लंगडून ढब्बू तिथे आडवा पडला, काही केल्या उठेना. मी हाका मारमारून घसा बसवून घेतला.

काल मास्तर सांगत होता, ही कुत्री आता परत जाणार, दुसरी येणार. मी विचारलं, "त्यांना धुतलेला शर्ट चालेल का रे?" तो खाली बघून म्हणाला, "मावशी, त्यांना कपडा लागत नाही." मला आधी बरंच वाटलं बघ. मग कळलं, ती कुत्री जिवंत माणसाच्या मागावर जातच नाहीत.

सूनबाई, जाताना तू खुंटीवरचा त्याचा करडा स्वेटर पिशवीत कोंबलास. मी पाहिलं होतं. "पोराचा स्वेटरही सोडला नाही हिने," असं शेजारणीला सांगितलंही. आता तुझ्या पाया पडते, तो धुतला नसशील ना? धुण्याचा कंटाळा करतेस म्हणून किती बोलले मी तुला! देवा, तिने कंटाळाच केलेला असू दे.

स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मार. हात फार लावू नकोस. जीपवाला दारातच थांबेल. गाडीत तुझ्यासाठी जागा आहे, पुढे तुझी मर्जी. मास्तरचे पाय धरून उद्या दुपारपर्यंत ही कुत्री थांबवून घेतली आहेत.

पाकिटावर तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं आहे. ते खोडायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

त्याची आई