राखलेला उंबर

कळवा, १२ एप्रिल १९९४

चि. जगन यास भावोजींचे आशीर्वाद.

कल्याणला सगळे खुशाल असतील आणि तुझी धरलेली कंबर सुटली असेल, अशी आशा. आम्ही ठीक. तुझी बहीण चंद्रभागा चार दिवस माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

खाडीकाठचा उंबर तुला आठवत असेलच. आपल्या कोळीवाड्यात हळद कोणाचीही असो, मांडवाला फांदी त्याच उंबराची, वाजतगाजत आणलेली. गेल्या दिवाळीत गावाने निसर्गरक्षण समिती काढली आणि मी अध्यक्ष झालो (सभेला दुसरं कोणी आलंच नव्हतं). वर्तकनगरचे एक साहेब भाषण करून गेले, की जागा राखायची म्हणजे माणसाला लांब ठेवायचं. मला पटलं. उंबराला आणि मागच्या तिवरांना तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली : ‘पान तोडू नये.’ शेजारच्या रंगूबाईच्या मुलाच्या हळदीला मी फांदी तोडू दिली नाही. बिचारीने (बिचारी कसली, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलली) आंब्याच्या डहाळीवर भागवलं. तेव्हा मी फार ताठ उभा होतो. आता पुढच्या आठवड्यात तुझ्या भाचीची, आपल्या शीलाची हळद. तिचा मांडव उंबराशिवाय उभा राहणार, या विचाराने मला जेवण जात नाही.

तुझा भावोजी,
दामाजी

ता. क. : येताना कल्याणहून उंबराची एक फांदी आण. वळकटीत गुंडाळ, रंगूबाईला दिसता कामा नये. तिथल्या झाडाला अध्यक्ष नाही ना, तेवढं बघ.

पुन्हा ता. क. : पत्र टाकायला निघालो, तर भर दुपारी एक ट्रक कुंपण मोडून उंबराच्या बुंध्यावर राडारोडा ओतून चाललेला. ओट्यांवर सगळं गाव बसलेलं. कोणी अडवलं का नाही, म्हणून मी ओरडलो. रंगूबाई म्हणाली, “आमी कशाला आरवू? पयला झार आमचा व्हता, आता समितीचा हाय.”

जगन, मला तिथेच रडू आलं. ज्याच्या घरी लग्न निघायचं, तो त्या झाडावर लक्ष ठेवून असायचा. त्यालाच मी कुंपणाबाहेर काढलं होतं. पाटी उपटली आहे. शीलाच्या मांडवाची फांदी रंगूबाई स्वतःच्या हाताने तोडणार (आधी चार शिव्या देऊन कबूल झाली). तेव्हा फांदी आणू नकोस. फावडं आणि घमेलं आण, दोन दिवस आधी ये. कंबरेचं कारण चालणार नाही. यंदा मामाचा मान राडारोडा उपसण्यापासून सुरू होतो.