कामात होते

मधली आळी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

सुचिता बाय हीस आईचा आशीर्वाद. रुचिकाला पापा. परेशरावांना नमस्कार सांग.

रविवारी आपल्या ओटीवर सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल? शेजारची रंगू. तिला कोणी बोलावलं न्हवतं. पाहुण्यांची गाडी यायची होती, त्याआधीच येऊन पुढची खुर्ची धरून बसली, आणि वर मलाच म्हणते, "म्हातारे, आज तरी बरं लुगडं नेसायचंस." मी म्हणलं, "मी गोणपाट नेसले तरी माझी खुर्ची राखलेली असते. तुझं तू बघ."

तू फोन उचलत न्हायस म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर सांभाळून घे. पत्र पोस्टानं धाडते. दोन आळ्या पलीकडच्या घराला तिकीट लावायचं म्हणजे हसूच आलं. पण पोस्टमन बाहेरगावचा, तुझ्या दाराशी उभं राहायला त्याला कोण अडवणार.

विहीणबाई गेल्या त्या दिवशी मला यायला जमलं न्हाय. कामात होते.

तर पाहुणे. धनेशसाहेब अलिबागवरनं आले. पक्षानं गावोगाव पोरांची नवीन मंडळं काढलीत, त्यांना शिकवत हेच फिरतात. आपल्या मंडळाचा अध्यक्ष तुझा भाचा निकेत. परवापर्यंत बापाच्या मासळीच्या टेम्पोत झोपा काढायचा, आता माईक धरून बोलतो. ऐकताना माझा ऊर भरून येतो. आणि मला त्यांनी मंडळाची मार्गदर्शक केलंय, बाय. बिल्ला दिलाय, पदराला लावायचा. तो रंगूच्या डोळ्यांत सलतो.

मार्गदर्शक म्हणजे फार काही न्हाय. घराघरात कसं शिरायचं ते पोरांना सांगायचं. दारात उभ्यानं बोलू नका, ओटीवर टेका. आधी पाणी मागा. पाणी दिलं की बाई आपणहून सगळं सांगायला लागते. मताचं नाव उठताना काढा. साहेब म्हणाले, "आजी, हे आम्हाला कुठल्या शिबिरात शिकवलं न्हाय." मी फुगले, खोटं कशाला सांगू. तुझे बाबा गेल्यापासून माझं बोलणं एवढं कोणी ऐकून घेतलं न्हवतं.

परेशराव पंचायतीला पक्षाच्या गणराजच्या विरुद्ध उभे राहिले आणि गावकीनं तुमचं घर बाजूला काढलं. तेव्हा साहेबांनी पोरांना बजावलं, वाळीत हा शब्द तोंडातनं निघता कामा न्हाय, कायदा हाय, पोलीस येतात. मग त्या घरी का जात न्हाय असं कोणी विचारलं तर सांगायचं काय? मीच बोलले. सांगायचं, कामात होतो. काम करणं काय गुन्हा हाय का? सगळी हसली, टाळ्या पडल्या. बिल्ला मला त्याच दिवशी मिळाला.

मला वाटलं, रुसवाफुगवी हाय, निवडणुकीनंतर निवेल. दुकानात तुला मीठ दिलं न्हाय, तेव्हापण मी मनाची हीच समजूत घातली.

त्या दिवशी मी ओटीवर सुकट निवडत होते. ती आदल्या दिवशीच निवडून झालेली. मयत समोरून आली. मागे गावातलं एक माणूस न्हाय. खांद्याला परेशराव, रेवदंड्याचे त्यांचे दोघे मावसभाऊ, आणि चौथी तू. बाईमाणसानं खांदा दिलेला मी कधी बघितला न्हवता. तू माझ्याकडे बघितलंस, बाय. मी सुपात बघितलं.

निकेत पोरं घेऊन नाक्यावर उभा होता. कुणी रिक्षावाल्यानं विचारलं, कोण गेलं रे? तर म्हणाला, "माहीत न्हाय, कामात होतो." ज्या तुझ्या सासूनं, सोनूबाईंनी, त्याला लहानपणी मांडीवर घेऊन घावनं भरवली, त्यांची मयत डोळ्यांसमोरून जात होती. त्याच्या तोंडात माझे शब्द होते.

रविवारी साहेबांनी त्याचंच कौतुक केलं. अशी एकी तालुक्यात दुसऱ्या कुठल्या मंडळाची न्हाय म्हणाले. येत्या रविवारी आजूबाजूच्या गावांतली नवीन मंडळं घेऊन येतो, आजींनी त्यांना शिकवायचं. पहिली टाळी रंगूची.

गाडी गेल्यावर मी निकेतला म्हणलं, "रविवारी आत्याकडे तेरावं हाय."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय? तू त्या दारात पाय टाकलास की दुसऱ्या दिवशी आपला नंबर. बाबांच्या टेम्पोत कोणी मासळी भरणार न्हाय. रंगूआजी तुला पाणी देणार न्हाय. चालेल तुला?"

पोरगा खोटं बोलला न्हाय. बिल्ला काढून भिंतीतल्या देवळीत ठेवला, तो अजून तिथंच हाय.

तेराव्याचा सैपाक तू एकटी कशी करणार? तांदूळ धुऊन ठेव, वालाचं बिरडं मी सोलून आणते. मागच्या दाराची कडी काढून ठेवू नकोस. मी पुढच्या दारानं येणार, चांगलं ऊन वर आल्यावर, आळीच्या मधनं. माझ्याशी बोलायचं नसंल तर नको बोलूस. तांब्याभर पाणी तेवढं दे, सगळ्यांना दिसंल असं ओटीवर बसून पिते.

पाहुणे रविवारी येतो म्हणून गेलेत. निकेतला सांगून ठेवलंय, साहेबांनी विचारलं तर म्हण, आजी कामात हाय.

तुझी,
आई