फुगडीची पकड

आये, मी नाचायला लागले आहे. दिवाळी सरली आणि गार वारा सुटला तेव्हापासून दर रविवारी, दुपारी चार ते सात, देवबागेत, चारचौघांत, परक्या माणसांचे हात धरून. हे ऐकून तू आधी कपाळावर हात मारशील आणि मग पदर तोंडाला लावून हसशील, हे मला इथे बसून दिसतंय. नाचाचं नाव साल्सा. तो कुठल्या मुलखातला ते विचारू नकोस, समुद्रापलीकडचा आहे एवढं पुरे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी पंचावन्नची झाले, म्हणजे तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. तेव्हा आता जरा बरोबरीच्या नात्याने बोलते. तेरा वर्षांची असताना एका चतुर्थीला मी तुला एक वाक्य बोलले होते. तेच वाक्य आता माझा झील, तुझा नातू, मला ऐकवील, या भीतीत मी अख्खा हिवाळा काढला. नाचत होते, मजेत होते, पण ती भीती पदराच्या गाठीला होतीच. तिचं काय झालं ते सांगायला हे लिहिते आहे.

माझा घोव, तुझा जावई, गेल्याला चार वर्षं झाली. खाडीच्या अंगाच्या तीन खोल्या मी पाहुण्यांना देते, त्यांना जेवूखाऊ घालते, माझं बरं चाललंय. यंदा टोकाची खोली एका मुलीने चार महिन्यांसाठी घेतली. वेंगुर्ल्याची, किरिस्तांवांची पोर, गोव्यात नाच शिकलेली. शेजारच्या मांगरात पूर्वी जाळी ठेवायचे, त्याची जमीन गुळगुळीत कोब्याची. तिने तो मांगर झाडून घेतला, दारच्या माडांवर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि रविवारचा नाच सुरू केला. मी तिला मास्तरीण म्हणते. मालवणातली बँकेची माणसं येतात, दवाखान्यातली एक नर्स येते, गोव्याहून मोटारसायकलवर पोरं येतात, आणि जो कोण पाहुणा असेल तो. मी आपली चहाची किटली घेऊन जायची आणि दारात उभी राहून बघायची. एका रविवारी मास्तरीण तिथूनच ओरडली, "गो मावशे, एक बाई कमी पडता. तू ये बघया!" मी म्हटलं, माका येना नाय. "चलाक येता मा? मगे झाला!" किटली माझ्या हातातून कुणी काढून घेतली ते मला कळलंसुद्धा नाही.

माझ्यासमोर उभे केले बँकेचे साहेब. कोल्हापूरहून बदलून आलेले, शिडशिडीत, चष्म्याचे, बोलणं एकदम मऊ. पावलं बरी जमली. मग मास्तरणीने सांगितलं, आता दोन्ही हात आडवे धरा, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. आये, तिथेच घात झाला. आडवे हात हातात आल्याबरोबर माझ्या अंगाने मला विचारलंच नाही. आंगठे आत गेले, पाऊल पावलाला भिडलं आणि मी सगळं वजन मागे टाकलं. साहेबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ते चालत आले नाहीत, उडत आले. मी खाली, साहेब माझ्या बाजूला, चष्मा चहाच्या टेबलाखाली. साहेब उठून बसले, चष्मा चाचपत म्हणाले, "मॅडम, मी कोल्हापूरचा. कुस्त्या खूप बघितल्या, पण चीतपट आजच झालो." मग जे हसायला लागले सगळे! मास्तरीण पोट धरून म्हणते, "मावशे, ही फुगडी नाय गो! तुजा वजन तुज्याच पायार ठेव. हात फकत बोलाक."

मला कसं कळणार? मला तू वेगळंच शिकवलं होतंस. फोंड्याच्या आपल्या घराचं खळं, नुकतं शेणाने सारवलेलं, पायाला गार लागतंय. मी सात वर्षांची. बाबा पडवीत विडी ओढत बसलेत. तू कारखान्यातून काजू सोलून आलेली, बोटांची टोकं तेलाने काळी झालेली, ती कितीही राख लावून घासलीस तरी काळीच. "हात आडवे घाल. आंगठो आत. आता मागे पड." मी म्हणते, पडान गे! "पड गो. मी आसंय मा." आणि मी पडते, आणि पडत नाही. पडवी, तुळस, बाबा, माड, पुन्हा पडवी, सगळं गरगर फिरतंय आणि मध्ये फक्त तुझं तोंड जागच्या जागी आहे. तीन वाड्यांत तुझ्यासारखी फुगडी कुणाची नव्हती. तुझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाया आधी काकणं उतरवून पडवीत ठेवायच्या.

तर वजन आपल्याच पायावर ठेवायला मला डिसेंबर लागला. यात मोजायचं असतं ते एक दोन तीन, मग पाच सहा सात. मी विचारलं, "चार खंय गेलो?" तर म्हणे, चार गिळायचो, आणि आठही गिळायचो. आडाळ्यावर नारळ खोवताना मी चार गिळत होते, घावणे उलटताना आठ गिळत होते. एका पाहुणीला वाटलं मला मुंग्या चावतायत, तिने येऊन जमीन तपासली. आणि इथली रीत बघ किती बरी आहे. कुणीही कुणालाही विचारावं. गाणं संपलं की हसून हात सोडावा आणि ज्याने त्याने दुसऱ्याकडे जावं. सोडलेल्याला राग नाही, सोडणाऱ्याला लाज नाही. गाण्यातलं अक्षर कळत नाही, ते एका परीने बरंच, कोण कुणासाठी रडतंय याची उठाठेव नको. सहा वाजले की खाडीवरून गारवा येतो, घामेजलेल्या पाठीला तो लागला की असं बरं वाटतं म्हणून सांगू! नर्स मला फिरवते, गोव्याची पोरं फिरवतात, साहेब फिरवतात. तू विचारायच्या आत सांगते: नाही, तसलं काही नाही. साहेबांची बायको त्यांच्याहून चांगली नाचते आणि मला म्हणते, "ताई, यांना अजून एकदा पाडा हो, बघायचं राहून गेलं माझं."

आता त्या चतुर्थीचं. बाबा गेल्यानंतरची ती दुसरी चतुर्थी. तू चौतीस वर्षांची होतीस. तेव्हा ते मला पुष्कळ वाटायचं, आता माझ्या खोल्यांत उतरणाऱ्या मुली असतात तेवढ्या वयाच्या. शेजारच्या गणपतीपुढे दुपारी फुगड्या चालल्या होत्या. तू भिंतीला टेकून बसली होतीस, बोटं मांडीवर ताल धरत होती. बायाच म्हणाल्या, "ये गो, कोण काय म्हणना नाय. तुज्याशिवाय रंग येना नाय." तू एकदा नाही म्हणालीस, दोनदा नाही म्हणालीस आणि तिसऱ्यांदा उठलीस. पदर खोचलास. हात आडवे पुढे केलेस. दारात माझ्या वर्गातल्या तिघीजणी उभ्या होत्या, त्यातली एक दुसरीच्या कानाला लागली. मी मागून तुझा पदर धरला आणि म्हटलं, "आये, तू नको. लोक काय म्हणतले." लोक काही म्हणत नव्हते, आये. लोक तर तुला हाताला धरून बोलवत होते. म्हणाले ते फक्त मी. तू वळून माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. मग बायांना म्हणालीस, "नको गो बायांनो. कंबर दुखता माजी." आणि आत जाऊन नारळ खोवायला बसलीस.

त्यानंतर वीस वर्षं, दर चतुर्थीला, कंबर दुखता. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांध चढायचीस तेव्हा ती कंबर कधी दुखली नाही. बायांनी विचारणं सोडून दिलं. पुढे कुणी विषय काढला की मी मोठ्या तोंडाने सांगायची, काय करणार, जुने लोक, जुन्या रीती, माझ्या आईला घरी बसवलं त्यांनी. मी शिकलेली ना! आणि लग्न होऊन इकडे आल्यावर मी काय करायची, तर चतुर्थीला माहेरी येताना मालवणच्या बाजारातून बामची बाटली आणायची. "कंबरेक लाव." तू घ्यायचीस. "बरा केलंस गो," म्हणायचीस. तू गेल्यावर तुझी ट्रंक मी उघडली, तर लुगड्यांखाली सगळ्या बाटल्या ओळीने, एकीचंही झाकण उघडलेलं नाही. मी ट्रंक लावून टाकली आणि कुणाला काही बोलले नाही.

म्हणून मला झिलाची भीती. तो पुण्याला असतो, तीस वर्षांचा आहे, स्वभावाने बापासारखा कमी बोलणारा. त्याला मी नाचाचं सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता जानेवारी आला, कलमं मोहोरली, तरी सांगणं होईना. शेवटी मास्तरणीने रविवारची चित्रफीत मोबाईलवर टाकली, ती फिरत फिरत वाडीच्या ग्रुपवर गेली आणि तिथून त्याच्याकडे. त्याचा फोन आला तेव्हा मी सुरमई तळत होते. वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तोही वाजू दिला. तेरा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटली, तर तीस वर्षांच्या कमावत्या माणसाला किती वाटेल! ठरवलं, त्याने नको म्हटलं तर आपण नको. वाद घालायचा नाही, आपण कुणाला वाद घालू दिला होता? पाहुण्यांची जेवणं उरकली, हात पुसले आणि फोन लावला.

"आई, ह्या काय गो?" म्हणाला. "तू अनवाणी नाचतंस? त्या कोब्यार? पाय सोलान निघतले तुजे. चपलांचो नंबर काय तुजो?" मी म्हटलं, सहा. मग धीर करून विचारलं, "तुका काय वाटना नाय?" "काय वाटाचा?" "लोक..." "लोकांका दुसरो धंदो काय आसा?" आणि हसून म्हणतो, "सेम आजयेसारख्या फिरतंस तू."

मी म्हटलं, तू आजयेक खंय बघलंस फिरताना? मग म्हणाला, "तिना सांगलेला, तुज्या आवशीक सांगू नको." मे महिन्यात तो फोंड्याला असायचा तेव्हा, मी पिशवी घेऊन बाजाराला गेले की खळ्यात तुमची दोघांची फुगडी चालायची म्हणे. हात आडवे. आंगठो आत. मागे पड, मी आसंय मा. मी लांबून येताना दिसले की तू झटकन पायरीवर बसायचीस आणि तो खोटं खोटं सागरगोटे खेळायचा. "आणि तिची कंबर?" मी विचारलं. "कंबर? कंबरेक काय झालेला तिच्या?"

फोन ठेवून मी पायरीवर बसले आणि रडले, आये. आधी रडले ती माझ्या चुकीसाठी. चुकलंच माझं, तेव्हाच म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. पण नंतर जी रडले ती निव्वळ आनंदाने, की तू फिरलीस! बसली नाहीस. माझ्यापासून लपवलंस, तेच बरोबर केलंस. थोडा हेवाही वाटला माझ्याच पोराचा, खोटं कशाला बोलू.

आठवड्याने एसटीच्या पार्सलने बूट आले. काळे, चामड्याच्या तळाचे, बोटभर टाचेचे. आज हंगामाचा शेवटचा रविवार होता. मांगर पुरेना म्हणून मास्तरणीने खाडीच्या काठी उघड्यावर नाच ठेवला, बँकेसमोरच्या मंडपवाल्याकडून फळ्या आणून टाकल्या. सगळी वाडी बघायला. मी नवे बूट घालून फाटकाशी उभी, आणि पाय उचलेना. दगडांच्या गडग्यावर बसलेल्या बायांपैकी माझी जाऊ ओरडली, "जा गो, आमी काय रात्रीपर्यंत बसतलो?" गेले. साहेबांबरोबर दोन गाणी नाचले, एकही चार चुकला नाही. आणि शेवटच्या गाण्याला मी मास्तरणीलाच ओढलं. हात आडवे, आंगठो आत. "आता मागे पड." तिचे डोळे एवढाले झाले. "पडान गे मावशे!" मी म्हटलं, "पड गो. मी आसंय मा." पडली. आणि फिरलो, आये! गाणं त्यांचं, फुगडी तुझी, फळ्या दणाणत होत्या. एका वळणाला खाडी दिसली, एका वळणाला गडगा, आणि तिसऱ्या वळणाला गडग्यावर जाऊ नव्हती. ती पदर खोचून फळ्यांवर उभी होती, आणि काकणं उतरवून साहेबांच्या हातात देत होती.

हे कागद आता बुटाच्या खोक्यात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार! दिवा मालवायच्या आधी एकच सांगते, इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही, मास्तरणीलाही नाही. घरात शोधून बघितलं, बामची एकसुद्धा बाटली नाही. माझी कंबर दुखता, आये. खरंच.