आखूड पट्टी

वस्ताद, आज दुकानदारानं माझ्यासमोर लाकूड कापायच्या यंत्राच्या, जिच्या कडेनं चेन फिरते तसल्या चार पट्ट्या मांडल्या आणि मला एकही निवडता येईना. "पावणं, झाडं पाडायची हाईत का कोरायचं हाय?" त्यानं विचारलं. "कोरायचं," म्हणालो, आणि हात गेला तो लांब पट्टीकडं. काही न घेताच बाहेर पडलो. घरी आलो, ताटावर बसलो, अर्ध्यातून उठलो, पुन्हा बसलो. दोन पानं लिहून फाडली. हे तिसरं.

तुम्हाला ते पहिलं यंत्र आठवत असेल. आपल्या वखारीच्या मालकानं जंगलाच्या एका ठेकेदाराकडून जुनंच उचललं होतं. सुरू केलं की तुम्ही कानात कापूस घालायचात. त्याच्या खोक्याच्या तळाशी एक आखूड पट्टी निघाली, पुढं निमुळती होत टोकाला चार आण्याच्या नाण्याएवढी झालेली. सोबत बारीक दातांची चेन आणि ती फिरवणारं वेगळं चक्र. ठेकेदाराच्या माणसांनी ती कधी वापरलीच नव्हती, आणि मी ती भंगारात द्यायला निघालो होतो. तुम्ही यंत्र बंद ठेवून दोन्ही पट्ट्यांची टोकं ओंडक्याला टेकवत बसलात, चांगला तासभर. मग म्हणालात, "लांब पट्टीचं टोक रुंद हाय. ते लाकडात अडकलं की यंत्र उलटं उडतंय बघ. कोरायला ही बारकी. आन् चेन बी हिचीच लावायची, तिची हिला न्हाय." जन्मभर वाकस आणि पटाशी चालवलेला माणूस मला यंत्र शिकवतोय, याचा मला राग आला होता. वखारीत ते यंत्र मला एकट्यालाच सुरू करता यायचं. तेवढ्यावर मी छाती काढून फिरायचो.

गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका गावानं जत्रेच्या मिरवणुकीसाठी लाकडी नंदी सांगितला होता. फणसाचा ओंडका होता, पिवळाधमक. त्याचा पहिला तुकडा तुम्ही नेहमीसारखा फडक्यात बांधून खुंटीला टांगलात. कामात कुठं इजा झाली तर ठिगळ त्याच लाकडाचं लागावं, आणि ते कुठं आहे हे घेणाऱ्याला बोट ठेवून दाखवावं, हा तुमचा नेम. माझ्या आठवणीत तोवर असा एकही तुकडा सोडायची वेळ आली नव्हती.

त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही वशिंडाच्या पुढं वाकसानं तासत होतात. दुपारी नमाजाला गेलात. मी यंत्र सुरू केलं. लांब पट्टीचं टोक लाकडात गेलं, यंत्र उसळलं आणि खाली येताना नंदीच्या मानेवर चार बोटं खोल घाव घालून थांबलं. मला ओरखडाही नाही. पुढं जे केलं ते सुचायला मला क्षणही लागला नाही, हे आज जास्त बोचतं. पटाशी घेतली आणि घावातले चेनच्या दातांचे वळ साफ करून टाकले. बघणाऱ्याला वाटावं, वाकस घसरला.

तुम्ही आलात, टोपी काढून खिशात ठेवलीत, आणि घाव दिसला. बोटांनी चाचपून बघितलात. "सकाळी हितंच तासत हुतो की," एवढं म्हणालात. मग स्वतःचा उजवा हात पुढं धरून बघत राहिलात. तो तेव्हा नुकताच जरा थरथरायला लागला होता. मी म्हणालो, "हुतंय वस्ताद. वय झालं आता." हे वाक्य मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

खुंटीवरचा तुकडा तुम्ही सोडलात, ठिगळ बसवलंत, गावकऱ्यांना बोट ठेवून दाखवलंत. "माझ्या हातनं झालं," म्हणालात. मी शेजारीच उभा होतो. त्यानंतर तुम्ही वाकस उचलला नाहीत. बाकावर बसून माझ्या चेनचे दात कानशीनं घासून द्यायचात, बस्स. मी तुमच्या घरी जेवायला यायचो तेव्हा चाची भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ह्यो माणूस दिसभर सवताचं हातच बघत बसतोय. तू तरी सांग काय तरी." मी भाकरी मोडायचो. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. चाचीही नाहीत आता. जत्रेत नंदी अजून निघतो. रंग दर वर्षी नवा चढतो, पण ठिगळ मला लांबूनही दिसतं आणि मी मिरवणूक अर्ध्यातच सोडून येतो.

तुमचा हात चुकला नव्हता, वस्ताद. माझ्यामुळं तुम्ही काम सोडलंत.

बायकोला मी हे सगळं सांगितलं आहे, एका खोट्यासकट. म्हणालो, संध्याकाळी गावकरी बघायला येणार होते, यंत्रावर लांब पट्टी होती आणि ती बदलायला पाव तास गेला असता, म्हणून घाई केली. तिला ते पटलं. मलाही बरीच वर्षं पटत होतं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तर निदान यात तरी खरं असू दे. त्या सकाळी तुम्ही आखूड पट्टी स्वतः यंत्रावर बसवून, चेन ताणून, मगच नमाजाला गेला होतात. मी ती काढली आणि लांब लावली, तुम्हाला खोटं पाडायला. आणि तुम्ही परत यायच्या आत आखूड पट्टी होती तशी पुन्हा बसवून ठेवली.